मनगटातली आठ हाडं

फ्रेस्नोजवळ पीच तोडताना शिडीवरून पडलेल्या म्हाताऱ्या मजुराला रुग्णवाहिकेत घेतलं, तेव्हा मारिबेलच्या डोळ्यांवर झापड होती. पहाटे बेकरीतली नोकरी, दुपारी रुग्णवाहिकेवर प्रशिक्षण, संध्याकाळी नर्सिंगच्या प्रवेशासाठी कॉलेज. उद्या शरीररचनेचा पेपर; तो गेला की नर्सिंगही गेलं. “डोक्याला मार लागलाय. त्यांना जागं ठेव, बोलत राहा,” रुग्णवाहिकेतली तिची शिक्षिका म्हणाली. मारिबेलला काही सुचेना. म्हाताऱ्याच्या मोडलेल्या मनगटाला फळी बांधताना ती त्यातल्याच हाडांची नावं घोकू लागली. पाचव्यावर अडली. “पुढे?” त्यानं डोळे उघडले. “आठवत नाही, काका. आणि उद्या पेपर आहे.” “मनगट माझं मोडलंय आणि विसरतेस तू?” ती हसली, पहिल्यापासून सुरू झाली. तोही अडखळत तिच्यामागून म्हणू लागला. हॉस्पिटल येईतो आठही झाली. दारातल्या नर्सला म्हातारा म्हणाला, “माझं नंतर बघा. आधी हिची हाडं ऐका. पोरीचा उद्या पेपर आहे.”