डाव्या हाताची गाठ

किशोरचं हे नेहमीचंच. टेंपोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला की ह्याच्या अंगात वारं शिरायचं. मग पुढ्यात दूध आहे की ताक, तेसुद्धा बघायचा नाही. आनंदीबाई नेरळला डोळे दाखवून दुपारी पोशीरला परतल्या. डोळ्यांत घातलेल्या औषधानं जवळचं सगळं धुरकट दिसत होतं, तरी पडवीतल्या भिंतीकडची जागा रिकामी आहे एवढं कळलंच.

"हितली तीन पोती कुठं हायेत?"

"गेली. सकाळीच अकराच्या अकरा भरली," त्यांचा लेक किशोर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "टेंपोला दुसरं भाडं होतं. थांबत नव्हता."

"मी आठच तपासली होती."

बाईंनी खुंटीवरचं जुनं हिरवं लुगडं चाचपलं. त्याची कड वेडीवाकडी फाडलेली होती.

गावातल्या पंधरा बायका रबरी रिंगांच्या कडेचं जादा रबर कातरायच्या. रिंगा खालापूरच्या कंपनीत जात, तिथं गाड्यांच्या ब्रेकात बसत. बाई पोत्यात कोपरापर्यंत हात घालायच्या, रिंगांवरून नख फिरवायच्या, मगच त्या लुगड्याच्या चिंधीनं तोंड बांधायच्या. हिरवी गाठ दिसली की कंपनीचा स्टोअरवाला दशरथ पोतं तपासणीला पाठवत नसे. बारा वर्षं.

त्या भिंतीशी बसल्या. सांडलेली एक रिंग हाताला लागली. नख फिरवलं. अडकलं. पुन्हा फिरवलं, तिथंच अडकलं.

"ललिताच्या नव्या सुनेचं काम. पातं दाबून धरते पोरगी, रिंगेला चीर जाते. म्हणून तर ती पोती बाजूला ठेवली होती. दशरथला फोन लाव."

"आये, एका रिंगेनं काय होतंय?"

"एक मला सापडली. बाकीच्या गेल्या."

"सांगितलंस तर उद्यापासून आपलं पोतं न् पोतं उघडतील. माल आठ-आठ दिवस तपासणीत पडून राहील. दुसऱ्याला काम देतील ते."

"लाव म्हणते ना."

पलीकडून यंत्रांचा धाड-धाड आवाज आला आणि त्यातून दशरथचा. "मावशी, माल कवाच उतरला. लाइनीवर गेला. तुमचं आमी कुठं उघडून बघतो?"

बाईंनी फोन कानाशी आणखी दाबला.

"दशरथ, ऐक. मी डावखुरी हाय. माझ्या गाठीचं शेपूट डाव्या अंगाला पडतं. ज्याचं उजवीकडं, ते पोतं माझं नाय. तशी तीन हायेत. बघून ये, फोन ठेवू नको."

दशरथ गेला. फोनमध्ये यंत्रं धाड-धाड करीत राहिली. बाईंच्या बोटांत ती रिंग होती. नख पुन्हापुन्हा त्याच चिरेपाशी जात होतं.

"दोन सापडली, मावशी. उजवीकडची."

"तिसरं?"

"चार पोती सोडून लाइनीवर ओतलीत पोरांनी. चिंध्या खाली पडल्यात."

"म्हंजे त्यातलंच."

"मावशी, लाइन थांबवायची म्हंजे मला साहेबांना नाव सांगावं लागंल."

"सांग की. आनंदीबाईचं सांग. पण थांबीव."

दशरथ साहेबांकडे गेला. मग एक यंत्र थांबलं. दुसरं थांबलं. शेवटी फोनमध्ये आवाजच उरला नाही, आणि त्या शांततेत दशरथ हळूच म्हणाला, "मावशी, उद्यापासून..."

"उघड," बाई म्हणाल्या. "सगळी उघड."

त्यांनी फोन चाचपत किशोरच्या हातात दिला. खुंटीवरचं लुगडं काढलं, फाटकी कड आत घेऊन घडी घातली. लेकाचा चेहरा त्यांना नीट दिसत नव्हता. तो कुठं आहे एवढं दिसत होतं.

"गाठ मारायला शिकलास रं तू," त्या म्हणाल्या. "पोत्यात हात घालायला नाय शिकलास."