टपावरची वाळू

इम्तियाज गाडीच्या टपावर गुडघे टेकून पत्र्याचे जुने सांधे ब्रशने घासत होता आणि खाली त्याची बायको ताहेरा पाण्याची बादली घेऊन उभी होती. ब्रश जरा जोरात फिरला आणि वरचा कचरा थेट तिच्या ओढणीवर आला.

"खाली माणूस उभं आहे!" ती ओरडली. ओढणी झटकायला गेली आणि थांबली. कचऱ्यात वाळू होती, बारीक, करडी. वाळूत सुरूच्या झाडाच्या सुकलेल्या काड्या होत्या.

"ही गाडी आमच्याकडं जाऊन आलीय," ती म्हणाली.

"आमच्याकडं म्हणजे?"

"श्रीवर्धनला. सुरूच्या बनात उभी केली असणार."

"वाळूवर काय गावाचं नाव लिहिलेलं असतं?" इम्तियाज वरूनच हसला आणि पुन्हा घासायला लागला.

चिखलीतल्या त्यांच्या शेडमध्ये एरवी टेम्पो यायचे, नाहीतर शाळेच्या बस. चाकांवरचं घर पहिल्यांदाच आलं होतं. आत पलंग, छोटा ओटा, खिडक्यांना जाळ्या. गाडीचे मालक रविराज पावसाआधी टप धुऊन, सांधे नव्यानं भरून मागत होते आणि उद्या संध्याकाळी गाडी न्यायला येणार होते. तोवर ऑफिसात बसून फोनवर उंटावरून शेळ्या हाकणं चालू होतं. इम्तियाज प्रत्येक फोनला "हो साहेब" म्हणायचा आणि काम आपल्याच पद्धतीनं करायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांधे सुकले. आता पाण्याची परीक्षा. इम्तियाज टपावर पाइप घेऊन चढला. ताहेरा आत गेली, दार-खिडक्या लावून घेतल्या आणि जमिनीवर, पलंगावर रद्दीचे कागद पसरले. कुठंही थेंब पडला तर कागदावर लगेच डाग उमटतो. शेडमधल्या प्रत्येक गाडीत आत बसायचं काम तिचंच असे.

वर पाणी सुरू झालं. ती उभ्यानं छत बघत होती, मग पलंगाच्या कडेला टेकली, मग कागद बाजूला सारून चक्क आडवी झाली. पत्र्यावर पाणी वाजत होतं. तिला तिथून उठावंसंच वाटेना.

"पडतंय का?" वरून आवाज आला.

छत कोरडं ठणठणीत होतं.

"हो," ताहेरा म्हणाली.

"कुठं?"

"खिडकीच्या वर!" खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज उगीच मोठा निघतो, तसा तिचा निघाला.

इम्तियाजनं खिडकीवरचा सांधा बोटानं चाचपला, पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा विचारलं. पुन्हा हो. शेवटी तो शिडीवरून उतरला आणि ओल्या कपड्यांनी दारात येऊन उभा राहिला. खिडकीखालचा कागद त्यानं उचलला. कागद करकरीत कोरडा.

"ताहेरा, एक थेंब नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"गळतंय म्हटलं की गाडी आज जाणार नाही, असं वाटलं."

तो चिडला. "अगं, गिऱ्हाइकाला शब्द दिलाय मी! आणि तुला गावी जायचंय तर एसटी आहे की. मी कधी नको म्हटलं?"

"अम्मी होती तोवर एसटीनंच जात होते ना?" ताहेरा उठून बसली. "आता भावांनी घर विकलं. एसटीतून उतरून जायचं कुठं? लॉजवर?" तिनं पलंगावर हात फिरवला. "हे बरं. घर सोबतच असतं. कुणाच्या दारात जाऊन उभं राहायला नको."

घर विकल्याचं इम्तियाजला ठाऊक होतं. त्यावर ती एकदाच रडली होती, आणि विषय संपला असं त्यानं धरून चाललं होतं. फार वाईट वाटलं त्याला, आणि त्यात फोन वाजला.

"झालं का?" रविराज विचारत होते.

"झालं साहेब. ट्रायल तेवढी राहिलीय. रस्त्यावर धक्के बसले तरी सांधे धरतात का, ते बघतो आणि गाडी देतो. थोडं उशिरा या."

हे खोटं नव्हतं. सांधे भरलेली प्रत्येक गाडी तो फेरी मारून आणल्याशिवाय द्यायचा नाही. फक्त त्या फेरीला तो एकटाच जायचा.

"चल," तो म्हणाला. ताहेरा पुढच्या सीटवर आली नाही. आतच, खिडकीपाशी बसून राहिली.

मोशी गेली आणि गाडी चाकणच्या रस्त्याला लागली. शेजारून कंटेनर चालले होते, शिफ्ट सुटलेल्या कंपन्यांच्या बस चालल्या होत्या. गोदामं, हॉटेलं, पुन्हा गोदामं. ताहेरा खिडकीला कपाळ लावून सगळं बघत होती.

"हा रस्ता समुद्राकडं जात नाही ना?" तिनं मागून विचारलं.

"नाही गं. नाशिकला जातो."

"असू दे."

चाकणच्या अलीकडं, तो नेहमी परत वळतो तिथं, गाडीचा वेग कमी झाला. ताहेरानं डोळे मिटून घेतले. पण गाडी वळली नाही, कडेला एका झाडाखाली थांबली. पुढचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. बराच वेळ कुणीच आलं नाही. परत फिरायची वेळ झाली असणार, असं समजून ती उठली आणि जमिनीवरचे कागद गोळा करायला लागली.

मागचं दार उघडलं. इम्तियाजच्या हातात टपरीवरच्या चहाचे दोन ग्लास होते. त्यानं चपला बाहेर काढल्या, आत आला आणि तिच्या हातातले कागद काढून घेतले.

"उठू नको, बस," तो म्हणाला. "एवढ्या लांबून आलीस."