मुलाम्याची काच

ज्या वर्षी धाकट्या नातवाने पहिलं पाऊल टाकलं आणि त्याच्या पायांतली दोरी कापायचं ठरलं, त्या वर्षीच्या ऑगस्टातली ही गोष्ट. काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ घातलेली ती दोरी बातिमाच्या मांडीवरच्या पिशवीत होती. पोर चालायला लागलं की त्याच्या पायांत अशी दोरी बांधतात, आणि ती कापायला घरातला सगळ्यांत चपळ माणूस लागतो. पोर पुढे त्याच्यासारखं चालतं म्हणतात. कारागांदाहून मुलाने फोन केला होता, "आई, बाबांनाच घेऊन ये. त्यांच्याएवढं चपळ आपल्यात आहे कोण?"

तो चपळ माणूस, सेयिलबेक, बालकश सरोवराच्या कडेने जाणाऱ्या सरळ रस्त्यावर गाडी एकशे तीसने हाकत होता.

"बघ म्हातारे," तो म्हणाला, "सकाळपासून कुत्रा एकदाही भुंकला नाही. या उन्हात पोलीससुद्धा सावलीला पळालेत."

कुत्रा म्हणजे स्टिअरिंगपुढच्या फळीवर चिकटवलेला रडार डिटेक्टर. पुढे पोलिसांनी वेग मोजायचं रडार मांडलं असलं की हा आधीच चिरकायचा आणि सेयिलबेकचा पाय आपोआप वर यायचा. अकरा वर्षं त्याने टॅक्सी चालवली ती याच्याच भरवशावर. डिटेक्टरचा हिरवा दिवा आताही जळत होता.

बातिमा त्या दिव्याकडेच बघत होती. पुढची जुनी काच दगडाने तडकली, तेव्हा नवी तिनेच काल बसवून आणली. काचवाला त्सोय म्हणाला होता, "मावशी, हिला धातूचा पातळ मुलामा आहे. ऊन आत येत नाही. पण रडारही आत येत नाही. काकांचं यंत्र बहिरं होईल. आरशामागे ही तळहाताएवढी जागा कोरी सोडलेली असते बघा. यंत्र इथं लावा म्हणावं त्यांना."

"सांगते," ती म्हणाली होती. आणि घरी आल्यावर नेमक्या त्याच जागेवर, दृष्ट लागू नये म्हणून टांगतात ती हरमळाची वाळकी जुडी तिने बांधून टाकली.

वसंतात गाडी एकदा खड्ड्यात उलटली होती. तेव्हापासून बातिमाचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. यंत्र मुकं झालं की हा घाबरेल, हळू चालवेल, एवढाच तिचा हिशेब. मुकं यंत्र आणि मोकळा रस्ता त्याला सारखेच वाटतील, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अहो, जरा सावकाश. पोर काही पळून जात नाही."

"पळावं म्हणूनच तर दोरी कापायची!" तो हसला आणि काटा आणखी चढला.

समोरून आलेल्या ट्रकने दोनदा दिवे मारले. पुढे जपून, पोलीस आहेत, असं या रस्त्यावरचे ड्रायव्हर एकमेकांना सांगतात. सेयिलबेकने यंत्राकडे पाहिलं. हिरवा दिवा, आवाज नाही.

"काही नाही. सलाम करतोय."

ट्रकमागून आलेल्या गाडीनेही दिवे मारले.

"आज सगळेच सलाम करतायत. नातवाचा आजा चाललाय ना!"

बातिमा यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, तुमचा कुत्रा बहिरा झालाय."

"काय?"

"काचेत धातू आहे. त्सोयने सांगितलं होतं. मीच तुम्हाला बोलले नाही."

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. "सगळी काच तशी?"

तिने हनुवटीने जुडीकडे खूण केली. "तिच्यामागे तेवढी कोरी आहे."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो पोट धरून हसायला लागला. "चौतीस वर्षं संसार केला, आणि माझ्याच कुत्र्याला विष घातलंस होय गं!" एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने त्याने जुडी बाजूला सारली आणि मान उंचावून ती कोरी जागा पाहिली. "खरंच की," तो म्हणाला.

पाय मात्र वर आला नव्हता. पायाला सवय चिरकण्याची होती, बोलण्याची नव्हती.

चढ संपला तिथे उंट रस्ता ओलांडत होते.

दुपारी उंट सरोवरावर पाण्याला जातात, म्हणून पोलीस त्याच जागी रडार मांडून बसतात, हे बातिमाला इस्पितळात कळलं. एका तरुण पोलिसाने तिला सांगितलं, खाली बघत. त्यांच्या यंत्रात आकडा उमटला होता, एकशे अडतीस.

दोरी त्या वर्षी कापली खरी, पण बर्फ पडल्यावर. सुनेने कात्री बातिमापुढे धरली.

"मी कुठली गं चपळ," बातिमा म्हणाली.

"म्हणूनच," सून म्हणाली.

सेयिलबेक ऑगस्टच्या चौदा तारखेला, दुपारी एकच्या सुमारास, रस्त्यावरच वारला. उंटीण संध्याकाळपर्यंत जगली.