पांढऱ्या पायाचा प्रेक्षक

"इश्वर, तू आत येऊ नोको." म्हातारा सोमाजी मच्छीमार सोसायटीच्या दारात हात आडवा धरून उभा होता.

दिवेलागण नुकतीच झाली होती आणि फायनल रात्री साडेअकराला. तरी खोलीत टीव्हीसमोर जागा धरण्यासाठी चटया पडल्या होत्या. अर्जेंटिना आणि पश्चिम जर्मनी! इश्वरनं धुतलेला सदरा घातला होता.

"काहून? म्या का केलं?"

"मांगच्या रविवारी काय झालं, विसरला का बे?"

कोणीच विसरलं नव्हतं. मागच्या रविवारी अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती. तलावाची राखण टाकून इश्वर धावत आला, त्यानं उंबऱ्यात पाय ठेवला, आणि इंग्लंडनं गोल मारला. खोलीतल्यांनी त्याला ढकलून बाहेर काढलं. मग पुढे एकही गोल झाला नाही. सेमीफायनलला तो फिरकलाच नाही, तर अर्जेंटिना आरामात जिंकली. पांढऱ्या पायाचा म्हणायला लोकांना याहून कमी पुरावा पुरतो.

खरं तर या गावात फुटबॉल आणला तो इश्वरनंच. मँगनीजच्या खाणीवर दोन वर्षं मजुरी करताना तो तिथल्या टीममध्ये गोलकीपर होता. गावी परतल्यावर त्यानं उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या गाळात बांबू रोवले आणि जुन्या जाळ्यांची गोलाची जाळी विणली. अर्जेंटिनाच्या दहा नंबरच्या बुटक्याचा फोटोही भिंतीवर त्यानंच चिकटवलेला. आता भांडावं कोणाशी? आपलेच दात, आपलेच ओठ.

"सोमाजीकाका, मेक्सिको कुठं अन् माहा पाय कुठं!"

"जाळ्यातला मासा कुठं अन् पाळीवरच्या माणसाचा पाय कुठं? तरी लागते ना? कायदा तूच पक्का केला, बापू."

ज्याच्या येण्यानं जाळं रिकामं निघालं, त्यानं मोठ्या जाळ्याच्या दिवशी तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, पाय ठेवायचा नाही, हा ढिवरांचा जुना रिवाज. आणि मोठ्या जाळ्याचा म्होरक्या इश्वर स्वतः होता. त्याच्याइतका कडक रिवाज कोणी पाळला नव्हता.

तो पाळीवर जाऊन बसला. डोक्यात सामना केव्हाच सुरू झाला होता. जर्मन उंच, दमत नाहीत, शेवटच्या दहा मिनिटांत घात करतात. बुटक्याला दोघंतिघं चिकटणार. तो अडकला तर बाकीचे धावतील का? गोलकीपरला हे दुखणं ठाऊक असतं. चेंडू लांब असतो आणि तळहातांना घाम फुटतो. त्यानं हात धोतराला पुसले. पुन्हा ओले झाले.

मग त्याला सोसायटीची मागची खिडकी आठवली. तिची एक काच फुटलेली होती. अंधारात उभं राहिलं तर पडदा दिसेल, कोणाला पत्ताही लागणार नाही. तो उठला, दहा पावलं गेला आणि थबकला.

खिडकीतून पाहिलेलं चालतं की नाही, याचाही निवाडा झालेला होता. तो त्यानंच केला होता. तीन वर्षांपूर्वी त्याचा मोठा भाऊ वारला. त्यानंतर पहिल्यांदाच त्या भावाची बायको रेवताबाई टोपली घेऊन पाळीवर आली आणि नेमकं त्या दिवशी जाळं रिकामं निघालं. इश्वरनं चारचौघांत तिला पाळीवर येऊ नको म्हणून सांगितलं. "लांबून पाहू का, भाऊजी?" तिनं विचारलं होतं. तो म्हणाला होता, "नजर ते नजर. जवळून काय अन् दुरून काय." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. नंतर त्याला ते कधी आठवलंही नव्हतं.

आपण खिडकीशी जावं आणि जर्मनीनं गोल मारावा! गावाला कळणार नाही, पण त्याला कळेल. हे सगळं खोटं आहे असं त्याला मधूनच वाटे. पण फायनलच्या दिवशी खात्री कोण करून पाहणार? तो मागं येऊन बसला. चाळिशीचा बाप्या माणूस, त्याला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

पाळीखालच्या चिखलाच्या वाटेनं डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन रेवताबाई येत होती. वरची वाट कोरडी असूनही ती आताशा खालूनच जाई.

"भाऊजी? फुटबॉल नाही पाहात?"

"मले मनाई हाये. माहा पाय वाईट हाये म्हणते."

ती थांबली. "खिडकीतून पाहा ना मंग."

खिडकीतून का जमत नाही, ते तिला कोणत्या तोंडानं सांगणार? तिलाही ते समजलं असावं. आता ही टोमणा मारील, आणि मारावाच, म्हणून तो मान खाली घालून वाट पाहत राहिला.

रेवताबाईनं डोक्यावरचा गुंड सावरला.

"मंग इथं कायले बसले? इथं वारा उलटा हाये, काही आयकू येत नाही. पंपाच्या खोलीमांगं जा. तिथून सारं समजते. लोकं ओरडले अन् हासले तं मोठा मासा गवसला. ओरडले अन् एकदम चूप झाले तं सुटला."

"तुमाले कसं माहीत, वहिनी?"

"तीन वरसं झाले," ती चालू लागत म्हणाली, "तुमचं जाळं मी तिथूनच पाहून राहिली."