सुटलेली रेघ

"आधी उत्तर द्या, मग खेळा," फरशीवाला म्हणाला आणि त्याने टेबलावरचा नकाशा तळहाताखाली दाबून धरला.

टेबलाभोवतीच्या तिघांनी फासे खाली ठेवले. खेळ चालवणारा चष्मेवाला, म्हणजे फरशीवाल्याच्या बहिणीचा नवरा. समोर नर्स, तिच्या शेजारी पोस्टमन. दर रविवारी दुपारी ही मंडळी इथे जमत. चष्मेवाला कागदावर तळघरं, बोगदे, खजिन्याच्या खोल्या काढून ठेवी आणि बाकीचे आपापल्या सोंगट्या घेऊन, फासे टाकत त्यात शिरत. बहीण होती तोवर तीही खेळायची. तिला जाऊन आठ महिने झाले होते. फरशीवाला त्यानंतर आज पहिल्यांदाच या घरात आला होता, तोही भांडायलाच.

नकाशाचा कागद हा तिचाच शोध. भेटवस्तू गुंडाळायचा स्वस्तातला कागद. पुढून भडक फुलं, पण पाठीवर सरळ कापता यावं म्हणून छापलेले फिकट चौकोन. "फुलं लोकांना, चौकोन आपल्याला," असं म्हणत ती गुंडाळीमागून गुंडाळी घरी आणायची. फरशीवाल्याला आता तो कागद डोळ्यांसमोर नको झाला होता.

कारण सरळ होतं. ताई बाथरूममध्ये पडली तेव्हा हा माणूस याच टेबलाशी, याच कागदात डोकं घालून बसला होता. ती पडली चार वाजून दहा मिनिटांनी; हे त्याने स्वतःच डॉक्टरांना सांगितलं होतं. तिला रिक्षात घातलं चार बावीसला. "दहा मिनिटं आधी आणलं असतं तर..." असं डॉक्टर म्हणाले आणि थांबले. ते वाक्य पुरं करण्यात फरशीवाल्याचे आठ महिने गेले होते.

"बारा मिनिटं काय करत होतात तुम्ही?" भावोजी हा शब्द त्याने केव्हाच टाकून दिला होता, 'तुम्ही' तेवढं जिभेवरून जात नव्हतं. "एवढं तळघर पुरं करतो आणि उठतो, असंच ना?"

"बस कर," नर्स म्हणाली. "नको विचारूस."

"तू मध्ये पडू नकोस. बहीण माझी गेलीय."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. फरशीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने घरभर नजर फिरवली. सगळ्याची रया गेलेली. बाथरूमला तर दारच नव्हतं, नुसता प्लॅस्टिकचा पडदा. तिथली फरशी त्यानेच बसवली होती, ताई जायच्या महिनाभर आधी, भेट म्हणून. तिला धुळीचा त्रास नको म्हणून जुनी न फोडता तिच्यावरच नवी, एका दिवसात. एखादं बारीकसारीक काम मागे राहिलं असेल. कुठल्या कारागिराचं राहत नाही? पण फरशी कशी आरशासारखी. आणि या गड्याला साधं एक दार सांभाळता आलं नव्हतं.

"त्या दिवशीचा नकाशा काढा. बघू तरी, माझ्या बहिणीपेक्षा काय मोठं होतं."

"तो राहू दे," चष्मेवाला पहिल्यांदाच बोलला.

फरशीवाला सरळ कपाटाशी गेला. गुंडाळ्यांवर तारखा घातलेल्या होत्या, ती शिस्त ताईची. हवी ती तारीख त्याला लगेच सापडली. सगळ्यांसमोर टराटरा फाडायचा, असं ठरवूनच त्याने तो कागद टेबलावर उलगडला.

चष्मेवाल्याची रेघ कधी चौकोनाची कड सोडत नसे. सरळ रेघेवरच ज्याचं पोट होतं त्या फरशीवाल्याला एवढं मान्य करावंच लागे. दोन खोल्या, एक जिना, एक बोगदा, सगळं नेटकं. बोगद्याची दुसरी भिंत मात्र अर्ध्यावर होती. तिथून पेन तिरकं सुटलं होतं, अकरा चौकोन ओलांडून, कागद ओरबाडत थेट कडेपर्यंत. पुढे कागद कोरा होता. हातातली रेघ पुरी करायलाही हा माणूस थांबला नव्हता.

फरशीवाला त्या रेघेकडे बघत राहिला. त्याचा राग गेला नाही. पाय टेकायला जागा उरली नाही म्हणून तो उलट जास्तच चिडला.

"मग बारा मिनिटं गेली कुठे?"

पोस्टमनने मान खाली घातली. नर्सची नजर क्षणभर त्या पडद्याकडे गेली. ते पाहून चष्मेवाला घाईघाईने म्हणाला, "माझीच चूक. मीच उशीर केला. झालं समाधान? आता घरी जा."

हेच ऐकायला फरशीवाला आठ महिने आसुसलेला होता. पण आता ते ऐकून त्याला बरं वाटेना. तो बाथरूमपाशी गेला आणि त्याने पडदा सारला.

चौकटीचं लाकूड कडीपाशी पहारीने फोडलेलं होतं. खाली त्याची फरशी, अजून चकचकीत. तिच्यावर उंबऱ्यापासून आत वळत गेलेला एक खोल ओरखडा होता, वीतभर लांब, आणि तिथेच अडलेला. दाराच्या खालच्या कडेला ठोकलेल्या पत्र्याने तो काढला होता.

"भावोजी," तो म्हणाला आणि त्या ओरखड्यापाशी खाली बसला.

"या दोघांना मीच बजावलं होतं," चष्मेवाला मागून हळूच म्हणाला, "तुला कळू द्यायचं नाही म्हणून."

फरशी बसवून झाली त्या संध्याकाळी ताई म्हणाली होती, दार खाली घासतंय रे, आणि त्यानेच हसत सांगितलं होतं, "जरा जोर लाव, रविवारी येऊन तासून देतो."