नगराळेकाकांची वायर

प्रफुल्ल पार्किंगमध्ये शिरला तेव्हा शेजारचे नगराळेकाका त्याच्याच गाडीपाशी वाकले होते. त्याची गाडी आणि बाजूची काकांची गाडी, दोन्हींच्या मध्ये एक जाड काळी वायर लोंबत होती.

चंद्रपुरात उन्हाळ्यात दिवसा विजेची लाइन येणंच बंद झाल्यापासून वरचं प्रत्येक घर खाली उभ्या असलेल्या आपापल्या गाडीवर चालायचं. बॅटरी उतरली की गाडीचं पेट्रोल इंजिन आपोआप सुरू होई. दुसऱ्याच्या गाडीतून करंट ओढणाऱ्याला लोक पोलिसांची वाट न बघता तुडवत.

प्रफुल्लने चाकाचा पाना उचलला.

"चोरी करून राहिले का, काका?"

"अरे, ऐक तं..."

पहिला फटका मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि प्रफुल्लला तो आवडला. दुसरा तोंडावर बसला. काका गाडीला घासत खाली बसले. तोंडात रक्त भरलं होतं, तरी ते शाबूत हाताने वर, प्रफुल्लच्या खिडकीकडे, बोट दाखवत होते. त्याने वायर हिसडून उपटली आणि तिनेच त्यांना फोडून काढलं.

वरून त्याच्या बायकोची, मंदाची हाक आली. बाळ रडत होतं.

"अवो, कूलर बंद पडला. आपल्या गाडीतलं पेट्रोलबी संपलं होतं, म्हणून काकाइनं त्याइच्या गाडीची वायर जोडून देली होती. पाहा ना, निघाली का ते."

प्रफुल्लच्या हातून वायर गळाली. काकांनी तिचं टोक ओढून घेतलं आणि मोडक्या मनगटाने त्याच्या गाडीचं सॉकेट चाचपडू लागले.