झरा क्रमांक चौदा

झरा असूच शकत नव्हता. सगळा एकसंध ग्रॅनाइट, भेग म्हणून कुठे नाही. गवताची काडी नाही, पक्ष्याची शीट नाही. तरी जुन्या फ्रेंच लष्करी नकाशावर इथेच निळा ठिपका होता, आणि सपाट दगड सरकवताच खाली हातभर खोल खळगा दिसला. पाण्याने भरलेला.

तेहित गुडघ्यांवर बसली. वाळवंटातल्या होगारच्या डोंगरांचा नवा नकाशा तिच्या हातून व्हायचा होता. चौदावा ठिपका ठेवायचा की खोडायचा, ते आज ठरायचं होतं. ठिपका खोटा ठरला, तर त्याच्या भरवशावर येणारा तहानेने मरणार.

"तिथे काही नाही म्हटलं होतं ना," उंटाच्या सावलीत चहा उकळणारा बिस्कामामा म्हणाला. बाकीचे तेरा झरे त्यानेच तिला दाखवले होते.

तिने पाण्याचा खारटपणा मोजला. अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या नवव्या झऱ्याइतकाच, अगदी दशांशापर्यंत. तो झरा जुन्या नकाशात नव्हताच. मग तिने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. बकरीच्या कातड्याचा वास आला.

"मामा, हे पाणी पखालीतून आलंय. नवव्या झऱ्याचं."

"म्हणजे विद्यापीठात नुसती झोपा काढत नव्हतीस!" मामाने तोंडावर ओढलेला फेट्याचा पदर सारखा केला. "पाणी सापडलं की फ्रेंचांची चौकी बसायची. वाटाड्या होता तुझा आजा. नववा झरा लपवायला त्याने आधीच इथे दोन पखाली ओतल्या आणि साहेबाला हाच झरा म्हणून दाखवला."

"आणि साहेबाने ठिपका काढला."

"काढला, छापला. मग आज्याला घास गिळवेना. शत्रूशी खोटं बोलावं गं, तहानलेल्याशी कसं बोलायचं? तेव्हापासून इथून जाणारा आपला माणूस एक पखाल इथे रिती करतो. सत्तर वर्षं झाली. दोन वाटसरू जगले या खळग्यावर." त्याने पेल्यात चहा ओतला. "आता चौकी नाही, सोनं खणणारे येतात. ते जिथे सोनं धुतात, तिथलं पाणी शेळीसुद्धा पीत नाही. तू मात्र खरं तेच लिही. शिकलेली आहेस."

तेहितने नकाशाचा कागद मांडीवर ओढला. मग तिने खोडरबर घेतलं आणि नववा ठिपका पुसला.

चौदावा तसाच ठेवून ती उठली, आणि आपल्या उंटावरची पखाल सोडू लागली.